चांदीचे कान

आमची लेक दोन वर्षांची झाली तरी हाक मारल्यावर वळेना, तेव्हा पेणच्या आमच्या आळीत एकाएकी सगळ्यांनाच डॉक्टरकी आली. आळी गणपतीवाल्यांची. हाताला शाडू तसाच ठेवून माणसं आमच्या दारात यायची आणि पोरीच्या पाठीमागे उभी राहून थाळी वाजवायची. थाळी नाही तर किल्ल्यांचा जुडगा. एक गृहस्थ खास शिट्टी घेऊन आले होते. पोरगी कधी भिंतीवर सावली हलली म्हणून वळायची, कधी जमिनीला हादरा बसला म्हणून. वळली की “ऐकतेय की हो, उगाच घोर लावून घेता” असा दाखला मिळायचा. नाही वळली तर पोर हट्टी आहे, आईवर गेली आहे. निकाल काहीही लागो, चहा मात्र मीच करायचा.

उपायांना तर ऊत आला होता. वेखंड उगाळून जिभेला लावा. पोपटाने उष्टावलेला पेरू खायला द्या, पोपटासारखी बोलेल. मी पदवीधर बाई, पण त्या दिवसांत कोणी सांगेल ते करत होते. पेरूच्या झाडाखाली मान वर करून उभी राहिले आणि पोपटाने टाकलेला पेरू घरी आणून तिला भरवला. पोरीला पेरू आवडला, एवढाच काय तो गुण आला.

शेवटी मुंबईच्या एका इस्पितळात तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की हिला फार कमी ऐकू येतं, पण यंत्र लावलं आणि शिकवलं तर बोलेल. बोलणं रुजायची वर्षं मात्र हीच, ती गेली की गेली. गळ्यात अडकवायची डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायचं बोंडूक घेऊन आम्ही परतलो. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. ते आभाळ रोह्याला सासरी पोचेपर्यंतच टिकलं.

सासऱ्यांनी डबी पाहिली आणि ती फडताळात ठेवायला सांगितली. त्यांनी ग्रामदैवताला नवस बोलला होता. नात ऐकायला लागली की देवाला चांदीचे कान वाहायचे. काम देवावर सोपवल्यावर मध्येच यंत्र लावणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, आणि मग देव हात काढून घेणार, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र वाचायला जाड भिंगांचा चष्मा लावत. डोळ्यांच्या बाबतीत देवाची हरकत नसावी. माझे यजमान नागोठण्याला कंपनीत होते. तिथे साहेबाशी तावातावाने भांडणारा माणूस वडिलांपुढे उभा राहिला की त्याची दातखिळी बसायची. “थोडं थांबू या” म्हणाले. डबी फडताळात गेली. यंत्र पेणला नेते म्हटलं तर सासरे पोरीला रोह्यातच ठेवून घेऊ म्हणाले. पोरगी वाढत होती, आणि एकेक महिना हातातून जाताना मला नुसतं रडू यायचं.

दसऱ्यानंतर रोह्यात देवाची पालखी निघते. देवाला पोलिसांची सलामी मिळते, गाव लोटतं, घरोघरी आरत्या होतात. पालखी आमच्या दारी आली तेव्हा पोर सासूबाईंच्या कडेवर होती. ढोलवाले अगदी अंगाशी आले. पोरगी दचकली, ढोलाकडे वळली आणि तिने आपला तळवा छातीवर ठेवला.

“ऐकलान! पोरीनं ऐकलान!” सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ढोलवाले थांबले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ढोल तर दगडालाही कळला असता. पण माझं ऐकतंय कोण? सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटले गेले. सोनाराला निरोप गेला आणि आठवड्याच्या आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे दोन सुबक कान देवापुढे गेले. ज्याने ढोल वाजवला तो तर छाती काढून गावभर फिरत होता. बऱ्या झालेल्या मुलीला आता यंत्र कशाला, असं सगळे मला विचारणार आणि डबी फडताळातच गंजणार, या विचाराने कान वाहिले त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून होते.

तेवढ्यात सासूबाई आल्या. पदराखालून त्यांनी डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. बाहेर ओटीवर सासरे कोणाला तरी देवाची करणी सांगत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाई म्हणाल्या की देवाने त्याचं काम केलं, नवसही फिटला, आता यंत्र लावलं तर देवाचा अपमान कसला? ओटीवर सासऱ्यांनी देवाची करणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.

मी पोरीच्या कानात बोंडूक बसवलं आणि बटण फिरवलं. ती भांड्यांशी खेळत होती. सासूबाईंनी तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावरून, हळूच तिला नावाने हाक मारली. पोरगी भांडं हातात तसंच धरून वळली. इकडे तिकडे पाहिलं आणि आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मी तोंडात पदर कोंबून रडले.

रडता रडता मला राहवलं नाही. म्हटलं, त्या दिवशी ढोल हिला ऐकू आला नव्हता, नुसता हादरा बसला होता.

“मला ठाव हाय गो,” सासूबाई म्हणाल्या. “माज्या कडेवर व्हती ना ती? छातीत वाजला तिच्या, कानात नाय.”

“मग ओरडलात कशाला?”

“नवस फिटल्याबिगर तुजा सासरा ती डबी काढू देता काय?”

असं म्हणून त्या पोरीसमोर मांडी घालून बसल्या, आणि तिच्याशी कसं बोलायचं ते मला शिकव म्हणाल्या.