नोमिनने देवीला सांगितलेला पत्ता

तैवानमधल्या तैनानला आमच्या गल्लीत नवा माणूस आला की त्याची कुंडली देवळाच्या ओट्यावर तयार होते. तयार करणारे आम्ही तिघे-चौघे म्हातारे, सकाळपासून चहा ओतत बसलेले. पण मंगोलियाहून विद्यापीठात शिकायला आलेली नोमिन काही आमच्या हाती लागेना. मान खाली घालून यायची, मान खाली घालून जायची. वर्गात ती चिनी शिकलेली आणि गल्लीत आम्ही बोलतो तैवानी. आमच्या शिव्यासुद्धा तिला कळत नसत, म्हणजे पाहा.

तिच्या बातम्या मिळायच्या त्या घरमालकिणीकडून, आ-ग्योक मावशीकडून.

"अहो, पोरगी चहात मीठ घालते! दूध आणि मीठ!" मावशीने हे अशा आवाजात सांगितलं, जणू पोरीने कपात गोगलगाय सोडली होती. मग कळलं, इथल्या दमट हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून ती रडते. मग कळलं, वरच्या खोलीत एकटीच नूडल्स उकडून खाते.

"जेवायला बोलावलंत का कधी?" मी विचारलं.

"भाडेकरू आहे ती, पाहुणी नाही," मावशी फणकारली. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्याने एक झाकलेली वाटी वर जाऊ लागली, तीही मी बघत नाही ना हे बघून.

पुढे एकदा मावशी देवळात शिरली ती तरातरा, मागे नोमिन, डोळे सुजलेले.

"शिक्षण सोडून घरी जाते म्हणतेय. मी म्हटलं, आधी माझू देवीला विचार, मग बॅग भर."

मावशीचा डाव सरळ होता. माझू समुद्राची देवी असली तरी देऊळ आमच्या गल्लीतलं, म्हणजे ती आपल्या बाजूची.

देवळाची व्यवस्था बघणाऱ्या आ-हायने नोमिनच्या हातात कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी दिल्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर देवीचा होकार. दोन्ही सपाट पडल्या तर देवी हसतेय, म्हणजे प्रश्न तिला नीट पोचलाच नाही. नोमिनने काहीतरी पुटपुटून त्या टाकल्या. दोन्ही सपाट. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच.

"मुली, कौल मागताना आधी नाव-पत्ता सांगायचा असतो. तू पत्ता कुठला सांगितलास?" आ-हायने विचारलं.

"उलानबातर."

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं बये, तिथे समुद्र तरी आहे का? देवीने तुला शोधायचं कुठे? झोपतेस माझ्या माडीवर आणि पत्ता देतेस तिकडचा!"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला इथला पत्ता घोकवला, आमच्या बोलीत. एक उच्चार चुकला की चार तोंडं एकदम दुरुस्त करायची, तीही चार तऱ्हांनी. मी म्हणालो, "जिथे रोज मासा करपतो ते घर, एवढंच सांग. देवी वासावर येईल." मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की नोमिनला हसू फुटलं. एवढ्या दिवसांत तिला हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

मग ती मोठ्याने म्हणाली, "मी नोमिन. जाळेवाल्यांच्या गल्लीत, आ-ग्योक मावशीच्या घरी, वरच्या खोलीत राहते. आई, मी परत जाऊ का?"

चंद्रकोरी पडल्या, एक सपाट, एक फुगीर. होकार.

मावशीचा चेहरा उतरला. "लागोपाठ तीनदा लागतो होकार," ती घाईघाईने म्हणाली. "एकाने काय होतंय?"

दुसऱ्यांदाही होकार. आता मावशी थेट देवीवरच घसरली, "तुला कुणी विचारलं होतं गं!" खरं तर तिनेच विचारायला लावलं होतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत माझ्यासारख्या वाह्यातालाही झाली नाही. ओट्यावर चहा निवत होता.

नोमिनने चंद्रकोरी उचलल्या. ओंजळीत धरून बराच वेळ उभी राहिली. मग न टाकताच तिने त्या हळूच तबकात ठेवल्या आणि देवीपुढे वाकली.

"अगं, एकच तर राहिला होता," आ-हाय म्हणाला.

"तोही आला असता तर?" ती म्हणाली. "मग जावंच लागलं असतं."

उदबत्ती लावताना मी अजून माझूचे आभार मानतो. होकार देऊन माणसाला थांबवायचं, ही खोडी मला सात जन्मांत सुचली नसती.

मावशीने त्याच संध्याकाळी देवीपुढे पेरूंची अख्खी टोपली आणून ठेवली, हात जोडले, डोळे पुसले आणि कुरकुरली, "पण एवढा जीव टांगणीला लावायचा होता का?"