इंदूबाई आणि नमुन्याचं दूध

सन २०१७. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. त्या साली कागलजवळच्या आमच्या गावच्या दूध संस्थेत, भर सकाळी चाळीस माणसांच्या पुढं, एका बाईनं माझं दूध परत केलं. मी संस्थापक सभासद. दोन वेळा चेअरमन झालेला. शाळा तिसरीपर्यंत, पण त्या इमारतीची पहिली वीट माझ्या हातची आहे. बाईचं नाव इंदूबाई. गेल्या वर्षी ती वारली, म्हणून हे लिहितो आहे.

ती संस्थेत टेस्टर होती. फॅट काढायचं मशीन शेजारी असायचं, पण तिचा भरवसा नाकावर. किटलीचं झाकण बोटभर उघडून नाक खाली न्यायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ सगळी रांग थांबायची. कुणी मध्ये बोललं की म्हणायची, "तुम्ही गप ऱ्हावा, दूध बोलू द्या."

माझ्या किटलीवर तिनं दोनदा नाक नेलं.

"तात्या, म्हशीला औषध पाजलंय. परत."

"कोण म्हणतंय?"

"दूध म्हणतंय."

पोट फुगलं म्हणून आदल्या दिवशी टर्पेंटाईन पाजलं होतं, हे खरं. पण ते चारचौघांत सांगायचं असतं काय?

फॅट बघायला प्रत्येकाच्या दुधातलं पळीभर काढून घेतात, त्याला आम्ही नमुना म्हणतो. मशीनला चमचाभर पुरतं. उरलेलं दूध आधीचा टेस्टर घरी न्यायचा. इंदूबाई ते एका किटलीत साठवायची आणि गावात जिथं बाळंतीण असेल तिथं चाळीस दिवस पोचवायची. घर सभासदाचं असो नसो.

मी एकदा तिला म्हटलं, "बिनसभासदाला संस्थेचं दूध कशाला?"

"ज्याच्या दारात म्हस न्हाय, त्याच्या बाळंतिणीनं कडबा खायचा व्हय?" असं म्हणून ती पुढच्या किटलीकडं वळली.

दूध परत केल्याचा राग मी चार महिने जपून ठेवला. मग वार्षिक सभा आली. आमच्या सभेची रीत अशी, की सेक्रेटरीनं विषयाचा नंबर वाचायचा आणि सगळ्यांनी 'मंजूर' म्हणून ओरडायचं. विषय काय ते कुणी ऐकत नाही. अर्ध्या तासात सभा संपते आणि जेवण सुरू होतं. त्या दिवशी जिलेबी होती.

शेवटी ऐन वेळच्या विषयात मी उभा राहिलो. "नमुन्याचं दूध सभासदांचं का इंदूबाईचं? ती कुणाला विचारून वाटती?"

मला तिला चार शब्द सुनावायचे होते, एवढंच. पण चेअरमनला जेवणाची घाई. तो म्हणाला, "तात्यांचं बराबर हाय. नमुना ज्याचा त्याला परत. मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

इंदूबाई दारात उभी होती. तिनं बोलायला हात वर केला. चेअरमन म्हणाला, "बाई, तुम्ही सभासद न्हाई. बोलता यायचं न्हाई."

"बोलत न्हाई," ती म्हणाली. "इचारती फकस्त. खालच्या वस्तीतल्या सुमनला बाळंत होऊन आज सातवा दिवस हाय. दूध बंद झाल्यालं तिला कोण सांगणार?"

मग ती माझ्याकडं वळली. "तात्या, ठराव तुमचा हाय. तुम्हीच सांगा."

संध्याकाळी ती प्रत्येकाचा नमुना ज्याच्या त्याच्या किटलीत परत ओतायला लागली. रांगेत गोंधळ उडाला.

"इंदूबाई, ह्ये काय नवीनच?"

"ठराव झालाय."

"कुणी केला?"

"तुम्हीच की. मंजूर मंजूर म्हणून वरडलासा."

"आयला! आमास्नी वाटलं, जेवायला बसायचं इचारत्यात."

सगळे हसले. ती हसली नाही. माझाही नमुना तिनं थेंब न सांडता माझ्या किटलीत परत घातला.

त्याच रात्री चेअरमन माझ्या घरी आला. "तात्या, विषय मागं घेतो म्हणा. मिटवून टाकू."

"घेणार न्हाय," मी म्हटलं. बोललेला शब्द मी जन्मात कधी मागं घेतला नाही, बायकोपुढंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार झाल्यावर मी किटली घेऊन खालच्या वस्तीत गेलो. बुद्धविहाराच्या मागची ती गल्ली मी तोवर नुसती लांबून पाहिली होती. सुमनची सासू दार लोटून बाहेर आली. "या पावणं. कुणाकडं?"

"भांडं आणा," मी म्हटलं.

"इंदूबाईनं पाठवलं व्हय?"

"न्हाय. माझं हाय."

तिनं पातेलं आणलं. मी अर्धी किटली ओतली आणि संस्थेत गेलो. रांग संपली होती. इंदूबाईनं झाकण उघडलं, वास घेतला, आत बघितलं.

"आज कमी हाय."

"हाय."

तिनं पळी बुडवली, चमचाभर मशीनला लावलं आणि उरलेलं ठरावाप्रमाणं किटलीत परत ओतलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाली, "तात्या, आठ झालं. अजून बत्तीस हायत."

"मला मोजता येतंय," मी म्हटलं आणि किटली उचलली.