कळ्यांची वाडी

जेवणं आटोपून मी मागच्या पडवीत चटईवर जरा पाठ टेकते. समोर शेवंतीचा वाफा आहे. आश्विन लागला तरी अजून हिरवाच्या हिरवा, कळ्या मिऱ्याएवढ्या. माझंच चुकलं. शेंडे श्रावणाच्या आधी खुडून थांबायचं, तर मी मेली झाडं दाट व्हावीत म्हणून श्रावणभर खुडत बसले. फुलं मागे पडली. आणि तनुजाला, माझ्या लेकीला, सातवा सरत आलाय. तिच्या डोहाळजेवणाला अंगावर फुलांची वाडी भरायची ती घरच्या शेवंतीचीच, असं मी उन्हाळ्यातच ठरवून ठेवलंय. काल फोनवर तिला म्हटलं, थांब आठ दिवस, उमलू देत. ती बरं म्हणाली.

डोळा लागतो न लागतो तोच वाफ्यात कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसतं. पाठमोरी बाई, जांभळं पातळ. ते पातळ मी ओळखते. कुमुदवन्सं, माझी नणंद. तीस वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला याच घरी आल्या आणि आठव्यात बाळासकट गेल्या.

त्यांची वाडी मीच लांबवली होती. नवी नवरी मी, बागेची हौस माझी. अशीच फुलं मागे पडली आणि मी सासूबाईंना म्हटलं, थांबू या की आठ दिवस. सहाव्या दिवशी वन्सं गेल्या, वाडी न भरता. शेवंती त्यांच्या तेराव्याला उमलली. हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही.

"वहिनी," त्या वळून न बघता विचारतात, "उमलली का?"

नाही अजून, म्हणत मी उठायला जाते तर पडवीच नाही. पायाखाली दवाखान्याची गार फरशी. दोन्हीकडे खाटा, आणि खाटांवर गाद्यांऐवजी माती घालून शेवंती लावलेली. मी पळायला बघते, पाय उचलत नाहीत. वन्सं एकेका खाटेवरच्या कळ्या चाचपत माझ्याकडे येतात. पोट तेवढंच आहे, तेव्हाचं. शेवटच्या खाटेवर माती नाही. तिथे तनुजाची उशी आहे.

वन्सं त्या उशीवरून हात फिरवतात. हात लावू नका, असं मला ओरडायचंय, पण आवाज फुटत नाही.

"घाई नका करू वहिनी," त्या म्हणतात, आणि इतक्या मायेनं म्हणतात की मला त्याचीच जास्त भीती वाटते. "ती येईलच आता माझ्याकडे. मग दोघींची एकदम भरा."

मग कुठून बळ येतं कोण जाणे, मी बोलून जाते, "तिची वेगळी. तुमची आत्ता भरते. बसा इथे."

फुलं कुठायत, असं त्या विचारतात. मी दोन्ही हातांनी कळ्या ओरबाडायला लागते. दोरा गुंततोय. गजरा, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं हिरव्या कळ्यांचं. डोक्यावर मुकुट बांधताना त्यांच्या गालाला बोट लागतं, आणि तो गाल मडक्यासारखा गार असतो.

"चुकलं हो माझं, वन्सं."

त्या माफ केलं म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. मान खाली घालून नुसत्या स्वतःकडे बघत बसतात. मला हुंदका आवरत नाही.

रडतच जागी होते. पडवीत ऊन आलंय. माझी नखं हिरवीगार आहेत, बोटांना कडू वास. समोर वाफ्यात एकाही झाडावर कळी राहिलेली नाही. खाली मातीतसुद्धा एक पडलेली नाही.

लगेच फोन लावते. तनुजा झोपाळलेल्या आवाजात विचारते, "आई, उमलली का गं फुलं?"

"नाही," मी म्हणते. "उद्या वाडी भरायची, बाजारात मिळतील त्या फुलांची. मी आत्ताच निघते."