तळच्या ताटांतल्या अळ्या

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी त्या खोलीतला आंबूस वास नाकात येतो. महाराष्ट्र राज्य नवं होतं, मी फौजदार म्हणून नवा होतो आणि मेहकर भागात रेशमाचं पीकही नवंच होतं. पोलीस पाटलाचा निरोप आला की गावात कुणीतरी अळ्या मारल्या. सगळं ठाणं हसलं. अळ्या मारायला लोक औषध विकत आणतात, त्याची फिर्याद कसली! कलम जनावर मारल्याचं लावायचं की पिकाच्या नुकसानीचं, यावर आमच्या हवालदारानं चहा संपेपर्यंत वाद घातला.

गावात पोचल्यावर हसू ओसरलं. फिर्यादी तरुण विधवा होती. नवरा गेल्यावर तिनं विहिरीजवळच्या तुकड्यात तुती लावली होती. एक रेशीम मार्गदर्शक गावोगाव सांगत फिरायचा की तुती एकदा लावली की वर्षानुवर्षं पाला देते, पाणी बेताचं लागतं, आणि बाईमाणसाला घरबसल्या पीक निघतं. गावातल्या आणखी काही बायका हिचं काय होतं ते बघून तुती लावणार होत्या. पण तो तुकडा दिराला कपाशीसाठी हवा होता. शेवटी सासऱ्यानं चारचौघांत सांगितलं की पहिलं पीक हाती आलं तर तुकडा सुनेचा, बुडालं तर दिराचा. आणि अळ्या कोष विणायला लागायच्या बेतात असतानाच मरू लागल्या.

संशय कुणावर जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातच बसथांब्यावरच्या हॉटेलवाल्यानं, तो आमचा खबरी, सांगितलं की दीर सकाळी फवारणीचा पंप घेऊन तुतीच्या बांधावर दिसला होता. दिराला सगळ्या गावादेखत गाडीत घातलं आणि दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं.

एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा, ही आमची जुनी रीत. खोटं बोलणारा दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारतो. हा गडी काही सुधारत नव्हता. पंप शेजारच्या माझ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, चालवला, तुतीला हात लावला नाही, एवढंच घोकत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, तुकडा मले पाह्यजे, हे मी साऱ्या गावात बोलतो. पन भावाच्या बायकोचं पीक मी कायले मारू?"

मला ते खोटं वाटेना. मार्गदर्शकाला सोबत घेऊन पुन्हा अळ्यांच्या त्या खोलीत गेलो. बांबूच्या मांडणीवर एकावर एक ताटं होती. तळच्या ताटांतल्या अळ्या डोकं वर करून, हिरवं ओकून मेलेल्या. वरच्या ताटांतल्या मात्र मजेत पाला खात होत्या. पाला तर एकाच शेतातला. मग विष पाल्यात कसं असेल? ते घालणाऱ्याच्या हातात होतं. मार्गदर्शक म्हणाला की हे तंबाखूचं लक्षण आहे, तंबाखूचा हातसुद्धा या अळ्यांना चालत नाही.

तळच्या ताटांना पाला कोण घालत होतं, असं मी विचारलं. "मीच," सून म्हणाली आणि खाली बघू लागली. सासराही खाली बघू लागला. माणूस गुन्हा लपवतो तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघतो, तुम्हाला कितपत कळलं ते अजमावायला. खाली बघतो तो लाजेनं.

तेवढ्यात सासू चहा घेऊन आली. तिचं बोट मिश्रीनं काळं झालेलं होतं. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूचीच भुकटी. पडवीत वेगळं पोतं, वेगळा तांब्या, वेगळी थाळी मांडलेली होती. मीही संसारी माणूस, मला उमगलं. सगळ्यांना बाहेर काढलं आणि सुनेला हळूच विचारलं की ते दिवस तू बाहेर बसली होतीस का. ती रडू लागली. विटाळाचा हात लागला तर अळ्या नासतील, या भीतीनं तिनं खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. वरच्या ताटांना तंबाखूला न शिवणारा माळकरी सासरा पाला घालायचा, सासूचे गुडघे धरलेले म्हणून ती बसल्या जागी खालच्या ताटांना घालायची. परक्या पुरुषांसमोर हे सांगणार कसं? आणि तंबाखूचं नाव निघताच सुनेलाही सगळं कळून चुकलं होतं.

"साहेब, तक्रार मागं घेतो, दिराच्या पाया पडतो," ती म्हणाली, "पन बुढीले नोका सांगू. या घरात माह्याशी बोलनारी तेच एक हाय."

मी कबूल केलं. दिराला सोडलं आणि गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरी पाठवून केस मिटवली. गावानं मात्र सुनेलाच खोटारडी ठरवलं आणि तिचे भाऊ येऊन तिला संग्रामपूरकडे माहेरी घेऊन गेले. वरच्या ताटांतले कोष निघाले ते थोडेच, त्यामुळे पीक बुडालं असंच धरलं गेलं.

काही दिवसांनी सासू एकटीच एसटीनं ठाण्यात आली. चेहऱ्यावर आशा होती. "मालकाले मनवलं, साहेब. अजून एक डाव अंडी आनतो. गुडघे दुखले तरी औंदा साऱ्या ताटाले मीच पाला घालतो. कोष निंगाले की सुनेले घेऊन येतो. फक्त सांगा, अळ्या कशानं मेल्या? म्हंजे मी जपन."

काय सांगणार? शब्द पाळला तर दुसरं पीकही तिच्याच हातून मरणार होतं. मी सांगून टाकलं. माझ्या जिवावर आलं होतं ते.

तिनं आपल्या काळ्या बोटाकडे पाहिलं. मग विचारलं, "हे तिले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काऊन नाही बोलली?"

हवालदारानं पाणी आणलं, तिनं घेतलं नाही. दुपारची गाडी निघून गेली तरी ती बाकावर बसूनच होती. नंतर तिनं गावात स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं, असं पोलीस पाटलाकडून कळलं. पण गावादेखत पोलिसांच्या गाडीत बसलेला दीर भावजयीला घरात घ्यायला तयार झाला नाही, आणि म्हातारीनं पुन्हा अळ्यांना हात लावला नाही. उन्हाळ्यात तुती खणून काढली. बाकीच्या बायकांनीही मग तुतीचं नाव घेतलं नाही.

या केसआधी तपासात मी एकच विचारत असे, फायदा कुणाचा? तेव्हापासून लाज कुणाला वाटतेय, हेही बघू लागलो. पुढे नोकरीत त्याचा फार उपयोग झाला. त्या सुनेला मात्र त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.