नर्मदेचे गोटे आणि परसातली फायरप्लेस

अग्निनारायणाला वंदन करून लिहितो. धाकट्या पुतण्याने घरामागे, उघड्यावर, फायरप्लेस बांधायला काढली आहे आणि तिचे नियम मला विचारले आहेत. त्या निमित्ताने ही हकीकत.

मध्यभारत राज्याच्या काळात मी इंदुरात इमारतींचा ओव्हरसियर होतो. बड्या गणपतीजवळ, दरबारी घराण्यातल्या एका रावसाहेबांच्या परसात मी टेप धरून उभा होतो आणि फायरप्लेस माझ्यासमोर धडधडून पेटलेली होती. वास्तविक, तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत ती पेटवायची नसते.

"मुहूर्त थोडाच थांबतो, साहेब?" रावसाहेब हसले. "चिमणी बघा जरा. छावणीतल्या बंगल्यांतसुद्धा अशी नसेल."

चिमणी खरोखर चांगली होती. छपराहून उंच, वर ठिणग्या अडवणारी जाळी. शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर पुरेसे. तोंडावर लाकडी तुळई नाही. कडेच्या निखाऱ्यांत बाफले, माळव्यातले ते कणकेचे गोळे, भाजत होते. समोर, अगदी जवळ, रावसाहेबांच्या मातुःश्री आईसाहेब पाटावर बसल्या होत्या. मांडीवर तान्हा नातू.

आतून 'टक्' असा आवाज आला. तो लाकडाचा नव्हता.

"तळाला काय घातलंय?"

"नर्मदेचे गोटे. आईसाहेबांनी ओंकारेश्वराहून आणवले. सकाळी अभिषेक केला अन् मांडले."

नदीतल्या गोट्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेले असते. तापल्यावर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि गोटा फुटतो. म्हणून तळाला भट्टीची, म्हणजे आच सोसणारी, वीटच हवी, असा नियम. पुन्हा 'टक्'.

"आईसाहेब, उठा. गोटे फुटतील."

"महादेवाचं रूप आहे ते. फुटतील कसे? आणि तुम्ही तर वेदपाठशाळेत शिकलेले ना?"

"पानी लाओ रे!" रावसाहेब ओरडले.

"पाणी नको!" मी त्यांचा दंड धरला. तापल्या दगडांवर पाणी पडले असते, तर सगळेच एकदम फुटले असते.

बाळाला ओढून घ्यावे, तर आईसाहेबांनी त्याला घट्ट धरलेले. स्थापन केलेल्या अग्नीसमोरून त्या विसर्जनाशिवाय उठणार नाहीत, हे मला उमगले. मी हात जोडून विसर्जनाचा मंत्र म्हणू लागलो. एक शब्द चुकला. आईसाहेबांनी तिथल्या तिथे दुरुस्त केला.

"आता नमस्कार तुळशीपाशी जाऊन करा," मी म्हणालो.

त्या सावकाश उठल्या. किती सावकाश! तुळशीपाशी पोचल्या आणि मागे बार उडावा तसा गोटा फुटला. राख खाली बसली तेव्हा दिसले, रिकाम्या पाटात बोटाएवढी कपची रुतली होती. आईसाहेबांनी बाळाचे तोंड पदराखाली घेतले.

आग आपोआप निवू दिली. गोटे नर्मदेला परत गेले, तळाला भट्टीच्या विटा आल्या. फेरतपासणीला गेलो, तर आईसाहेबांनी नवा पाट आगीजवळ मांडला.

"ओव्हरसियर, आज आधी तुम्ही बसा."

बसलो. कान आगीकडेच होते; त्यांनी दिलेला बाफला कसा लागला, ते आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून माझे मत असे की, दाखला देणाऱ्याने आगीजवळ बसूनच त्यावर सही करावी.

वाचकहो, तुमच्या घरचा अग्नी अन्न शिजवो, थंडीत ऊब देवो आणि लेकराबाळांपासून चार हात दूर राहो. आपल्या कुळाचे कल्याण असो.