मुक्ताच्या वाटचं पंचामृत

आज डॉक्टरांकडून घरी परतलो तोच इथल्या तेलीबाग मोहल्ल्यातल्या जोशीवहिनी आल्या, त्याही सत्यनारायणाचं पंचामृत घेऊन. मंडळी, मी फोनवर सांगतेय आणि सून ऑफिसातून ई-मेल करतेय.

आमच्या नातीची, मुक्ताची, प्रतिकारशक्ती जन्मापासून कमी, त्यात आतड्याला सूज. सूज उतरवायचं औषध रोगाशी लढायची ताकद आणखी कमी करतं, म्हणून डॉक्टर फार जपून देतात. कच्चं दूध-दही बंद. पण आज तपासून म्हणाले, शौचातून जाणारं रक्त थांबलंय, सूज उतरतेय! मी तर हरखूनच गेले.

आता प्रसादाला नाही कसं म्हणायचं? तिचीही वाटी मीच प्यायले.

"आजी, मेरा वाला भी?" मुक्ता तिच्या शाळेतल्या हिंदीत ओरडली.

पोरीला प्रसाद दिला नाही म्हणून वहिनी रुसल्या. सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "अहो, आधी बोलायचं ना! तुमच्याच गॅसवर गरम शिरा करते."

तुम्ही प्रसादाला नाही म्हटलं असतं का? वहिनी रविवारी शिरा करायला येणार आहेत, त्यांच्या घरात कुणाला सर्दी नसेल तरच.