नामदेवनं काढलेली नलू

नामदेव तांडेलइतका निरुपद्रवी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तरी त्याच्यामुळे एका बाईचं वाटोळं झालं, आणि ती बाई त्याचीच बायको होती.

मी घाटावरून बोईसरला नोकरीला आलो ते ब्याऐंशी साली. कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात नामदेव माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि भाड्याच्या खोल्यांतही आम्ही भिंतीला भिंत लागून. कापडावर डाग पडला की त्याचा फोटो काढून मुंबईच्या हापिसात पाठवायचा, हे त्याचं काम. त्यासाठी कंपनीनं परदेशी कॅमेरा आणला होता. बटण दाबलं की चौकोनी फोटो घरघरत बाहेर यायचा आणि बघता बघता हातातच उमटायचा. मुदत संपलेली फिल्मची पाकिटं साहेब फेकून द्यायला सांगत. नामदेव साहेबांना विचारून ती घरी न्यायचा.

त्याचं घराणं मच्छीमारांचं. पण हा पठ्ठ्या होडीत पाय ठेवला की ओकायचा, म्हणून कंपनीत आला. जाळं विणायची बांबूची सुई तेवढी बापाची आठवण म्हणून खिशात. एकदा नुकत्याच निघालेल्या फोटोवर त्यानं ती दाबली आणि आतला रंग सरकला. वरच्या प्लास्टिकखाली रंग थोडा वेळ लोण्यासारखा मऊ असतो, रेटाल तिकडे जातो. झालं, नाद लागला. त्यानं माड वाकवले, आमच्या सुपरवायझरची मान बगळ्याएवढी केली. आम्ही पोट धरून हसलो. हसण्यापलीकडे त्यात काही असेल असं आम्हाला वाटलंच नाही.

त्याची बायको नलू त्याच्याच गावची. पहिलं मूल पोटातच गेलं, तिचं पोट फाडावं लागलं, आणि बेंबीपासून खाली एक वेडीवाकडी खूण राहिली. त्या खुणेकडे ती बघायचीसुद्धा नाही, असं माझी बायको सांगायची. दोघींचं गूळपीठ होतं. एका रविवारी नलू आपण होऊन नवऱ्याला म्हणाली, "कापडाच्या डागांचं काढता, माज्या डागाचा काढा."

त्यानं काढला, अंगावर कपडा नसलेला. मग सुईनं त्या खुणेच्या दोन्ही बाजूंचा रंग ओढत ओढत पोटभर भरतीच्या लाटा केल्या. चेहरा मात्र लाजेखातर पुसून टाकला. माझ्या बायकोनं तो पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "नागडी बाई आहे हो, पण लाज नाही वाटत. रडू येतं." नलूनं फोटो उशाखाली ठेवला. त्यानंतर ती अधूनमधून गाणं म्हणताना ऐकू यायची.

पुढे कापडावरच्या नक्षीच्या कामासाठी मुंबईच्या एक चित्रकार बाई कारखान्यात आल्या. नामदेवचे फोटो पाहून त्या वेड्या झाल्या. प्रदर्शनात लावते म्हणाल्या. त्यानं नलूला तिच्या फोटोबद्दल विचारलं. "तोंड दिसत नाय ना? मंग लावू द्या," ती म्हणाली. आता यात दोघांचा काय गुन्हा, तुम्हीच सांगा! पण मुंबईत प्रदर्शनाबाहेर आरडाओरडा झाला. संध्याकाळच्या एका पेपरानं 'हीच का कला?' म्हणून तो फोटो छापला, खाली नाव: नामदेव तांडेल, बोईसर. चित्रकार बाईंना वाहवा मिळाली. मासळी विकायला मुंबईला गेलेल्या कुणीतरी तो पेपर गावात आणला.

समाजाची सभा बसली, देवळासमोर. मी नामदेवच्या सोबतीला गेलो. रिक्षात तो एकच घोकत होता, "नलू हाय म्हनलो तर तिला गावात उभी करनार नाय." नलू त्याच्या पलीकडे बसून बाहेर बघत होती.

त्यांच्यात नारळावर हात ठेवून दर्याची शपथ घेतात. खोटी शपथ घेतली तर दर्या त्याच्या माणसांतला एक उचलतो, अशी पक्की समजूत. म्हातारे एकनाथ पाटील सभेचे मुख्य. त्यांनी नारळ पुढे केला. नामदेवनं हात ठेवला आणि म्हणाला, "ही माजी बायको नाय. मुंबईची एक बाई हाय."

सभा सैलावली. नवरा बाहेरख्याली निघाला, एवढंच. नलूची आई गोदूबाई पदरात तोंड खुपसून रडायला लागली, बायका नलूकडे कीव करून बघू लागल्या. मला वाटलं, सुटलो. कसले सुटतो! आगीतून निघून फुफाट्यात पडलो होतो.

परतताना नलूनं तोंड उघडलं. "तुमी कंपनीत जाता. दर्यात माजे भाऊ जातात."

"तसं काय नसतं गं, नलू."

"मंग शपथ कशाला घेतली?" ती म्हणाली, "आनि ती मुंबईची नाय. ती मी हाय. तुमी मला दुसरीच करून टाकली."

नामदेवनं माझ्याकडे पाहिलं. खरं बोलला असता तर ती गावाला मुकली असती, खोटं बोलला तर त्याच्या हातून गेली. मला त्याचा राग आला, त्या पेपरवाल्याचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःच्या हात चोळत बसण्याचा आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नलू घरात नव्हती. आम्ही दोघं गावाकडे धावलो, पण पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. भावांची होडी निघायच्या आत तिनं एकनाथ पाटलांचं दार गाठलं होतं. फोटो माझा, शपथ खोटी, ती मागं घ्या, म्हणाली. कुणी मानेना. नवऱ्याला झाकते म्हणाले. तेव्हा तिनं सगळ्यांदेखत लुगडं खाली सरकवलं आणि ती खूण दाखवली. मग मानावंच लागलं. पाटलांनी नारळ फोडून शपथ उतरवली आणि दोघांना गाव बंद केलं.

होडी तोवर निघून गेली होती. शपथ वेळेत उतरली की नाही, याचा नलूला भरवसा नव्हता. ती किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला बसली आणि उठेना. नामदेव तिच्यापासून चार हातांवर उभा. "चल" म्हणायचीही त्याची हिंमत होत नव्हती. गावातलं कुणी जवळ आलं नाही. गोदूबाई लांबून बघून परत गेली.

होडी आली ती दिवस कलल्यावर. दोन्ही भाऊ गुडघाभर पाण्यातून चालत आले. किनाऱ्यावर त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं. थोरला रामनाथ नलूसमोर आला, तिच्याकडे न बघता नामदेवला म्हणाला, "हिला घेऊन जा. आमाला भैन नाय," आणि धाकट्याला घेऊन चालू लागला.

नलूनं दोघांना पार वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आले दोगं बी."